पार्सल काट्यावरचे रविवार

"सव्वादोन मण झालं की रं."

"दोन गोण्या कांदं. हमाली डबल पडंल."

करंड्यांच्या ढिगामागून दोन हमालांचं हे बोलणं कानावर आलं, तेव्हा मी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काट्यावर उभी होते. हा काटा म्हणजे जमिनीलगतची लोखंडी फळी आणि तिच्या टोकाला खांबावर बसवलेली खुणांची पितळी दांडी. एरवी तिच्यावर पेरूच्या पाट्या आणि कोंबड्यांच्या करंड्या चढायच्या. त्या रविवारी सकाळी मी चढले होते. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्याच ऑफिसात पार्सल क्लार्क होते. त्यांनी दांडीवरचा वजनाचा लोलक सरकवत चौऱ्याऐंशीवर आणला आणि बोट ठेवून थांबले. किलो नुकतेच आले होते. कागदोपत्री सगळीकडे किलो झाले, तरी हमालांची डोकी अजून मणातच चालत, आणि अचूक चालत.

हमालांचे मुकादम शेखमामा त्या दोघांवर खेकसले, "पोरगी हाय ती, पार्सल न्हाई. तोंडं फिरवा तिकडं."

त्यांनी तोंडं फिरवली. मामांनी स्वतःचंही फिरवलं. मी चप्पल घालून घरी आले. वाटेत दादा एक शब्दही बोलले नाहीत. मीही नाही. आमच्या घरात दोनच माणसं गप्प बसतात, ती आम्ही दोघं.

*

ज्यांना ऑपरेशन सांगितलं आहे, पण त्याआधी वजन उतरवून या असं सांगून घरी पाठवलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्या मधल्या दिवसांविषयी मला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझं ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता मी बरी आहे. ते मात्र ठरलेल्या दिवशी झालं नाही, नऊ आठवड्यांनी झालं. असं का, ते पुढे येईल. लिहिण्याआधी मी दादांना विचारलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, लिही, पण नाव घालू नकोस. म्हणून कोणाचंच पूर्ण नाव घातलेलं नाही.

*

दुखणं उजव्या बरगडीखाली होतं. जेवण झाल्यावर यायचं, पाठीत जायचं, आणि मग मी भिंतीला टेकून ओणवी बसायची. वर्षभर घरात त्याला पित्त म्हणत होते. पुण्याला फोटो काढल्यावर पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. तो फोटो घेऊन आम्ही घोडनदीला गेलो. शिरूरला आमच्याकडचे सगळे घोडनदीच म्हणतात. दादांचं मूळ गाव निमोणे, तिथून जवळ. लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी तिथे वीस खाटांचा दवाखाना काढला होता, आणि निमोण्याच्या निम्म्या गावाची पोटं त्यांनीच उघडली होती.

मी रेल्वेच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, हे दादांनी त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगितलं. मग डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी "येस डॉक्टर" आणि "नो डॉक्टर" या दोन वाक्यांवर अख्खी भेट काढली. आई शेजारी बसून आमच्या तोंडांकडे पाहत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला ते बरं वाटत होतं. इंग्रजी ही माझी कडी लावून घ्यायची खोली होती.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, खाली ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता, पण कठोरही न होता सांगितलं की खडे काढावे लागतील, मात्र आज नाही. अंगावर एवढी चरबी असताना भूल देणं धोक्याचं, श्वास अडतो. जखमही लवकर भरत नाही. एकशे पंचावन्न पौंडांच्या खाली आलीस की ये. ते पौंडातच विचार करत. त्यांचा मोठ्या माणसांचा काटा नव्या मापाचा करून आणायला पुण्याला गेला होता आणि महिनोन् महिने परत येत नव्हता. उरला होता तो बाळांचा. तेव्हा दर रविवारी दौंडला वजन करून त्यांना कार्ड टाकायचं असं ठरलं. दादा म्हणाले, काट्याची चिंता नको, माझ्या काट्यात तोळ्याचा फरक पडत नाही.

हे खरं होतं. व्यापाऱ्यांची भांडणं दादांच्या आकड्यावर मिटत. "रावसाहेबांनी तोललंय" म्हटलं की पुढे कोणी बोलत नसे.

परत येताना एस.टी.त आईने विचारलं, काय म्हणाले? दादांनी सांगितलं, बारीक व्हायला सांगितलंय. आई खिडकीबाहेर पाहू लागली. न्हावरं गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या हातच्या जेवणानं झालं म्हणा की."

*

जेवणाचा कागद छोटा होता. तेल नाही, तूप नाही, शेंगदाणा नाही, साखर नाही. भाकरी एक, पालेभाजी उकडलेली, ताक लोणी काढलेलं. पहिले आठ दिवस भूक लागते असं म्हणतात. ते खरं नाही. भूक महिनाभर लागते. महिन्यानंतरही लागते, पण तोवर तिच्याशी ओळख झालेली असते. मला सगळ्यात अवघड गेलं ते आईने फोडणी देताना घरात बसणं. म्हणून तिच्या स्वयंपाकाच्या वेळी मी चालायला जायची, भीमेच्या पुलापर्यंत आणि परत. पुलावर इंजिनाचा धूर अंगावर आला तरी थांबायची, कारण परत लवकर गेलं तर वास असायचा.

ऑपरेशनचं कोणाला सांगायचं नाही, हे आईने ठरवलं. पोटावर वण असलेली मुलगी म्हटली की स्थळं बंद. मग मी जेवत का नाही, याचं काय सांगायचं? आईने शेजारणींना सांगून टाकलं की शालूने सोळा सोमवार धरले आहेत.

त्या बायकांच्या चांगुलपणाला सीमा नव्हती. पहिल्याच सोमवारी समोरच्या काकूंनी तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी आणली. दुसऱ्या घरून शेंगदाण्याचे लाडू आले, तिसरीकडून खजूर. व्रताच्या पोरीला रिकामं कसं ठेवायचं? आणि व्रताचा फराळ नाकारायचा तरी कसा? आई दारात उभी, काकू समोर बसून कौतुकाने पाहताहेत, आणि मी ती खिचडी खाते आहे, असे तीन सोमवार गेले. चौथ्या रविवारी काटा खाली यायचं सोडून अर्धा किलो वर गेला. दादांनी तेही जसंच्या तसं कार्डावर लिहिलं.

त्या संध्याकाळी आई चुलीपाशी बसून रडली. मला वाटलं, माझ्यावर चिडली. नंतर कळलं, ती स्वतःवर चिडली होती. पुढच्या सोमवारी तिने काकूंना सांगितलं की शालूचं व्रत निर्जळी झालंय. काकूंनी माझ्यासमोर हात जोडले. मला फार लाज वाटली, पण वजन उतरू लागलं.

*

तयारी म्हणून आम्ही काय काय केलं, ते लिहून ठेवते. कोणाला उपयोग होईल.

ऑपरेशननंतर खोकायचं असतं, आणि टाक्यांमुळे खोकता येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज उशी पोटाशी घट्ट धरून खोकायची सवय केली. खोल श्वास घेऊन दहा आकडे मोजायचे, तेही केलं. आईने पुढून बंदांचे दोन सैल झगे शिवले. उताणं झोपायला शिकले, कारण मी कायम कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपते. रक्ताची एक बाटली लागली तर लागेल म्हणून दादांचं रक्त तपासलं, ते माझ्याशी जुळलं. त्या रविवारी माझं झाल्यावर ते स्वतः काट्यावर चढले. सत्तेचाळीस भरले. शेखमामा म्हणाले, "रावसाहेब, तुमच्यातून बाटलीभर काढलं तर मागं काय ऱ्हाईल? टोपी आन् चष्मा." दादा हसले. मी इतक्या दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

मनाच्या तयारीचं काय सांगू? मला मरणाची भीती होती. पण त्याहून जास्त एक भीती होती जी मी कोणाला सांगितली नाही. टेबलावर मी बेशुद्ध पडलेली असेन आणि चार अनोळखी माणसं माझं उघडं पोट पाहतील. मला वाटायचं, तेही एकमेकांशी मण आणि गोण्या बोलतील. ही भीती मी वहीत इंग्रजीत लिहिली आणि पान फाडून टाकलं. आज वाटतं, आईला सांगायला हवं होतं. तिने माझी हजेरी घेतली असती आणि मी हलकी झाले असते.

*

आठव्या रविवारी अठ्ठ्याहत्तर किलो भरलं. कार्डावर दादांनी लिहिलं, एकशे बहात्तर पौंड. किलोला दोन पूर्णांक दोन दशांशाने गुणायचं, हे त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मोठी कळ आली. दुपारी जेवून उठले आणि खाली बसले ती उठलेच नाही. यापूर्वीच्या कळा तासाभराने जात. ही संध्याकाळपर्यंत गेली नाही. ओकून ओकून शेवटी हिरवं पाणी पडायला लागलं. दादा ड्यूटी सोडून आले आणि माझ्यासमोर बादली धरून बसले. त्यांच्या हातात बादलीची कडी वाजत होती. रेल्वेच्या डॉक्टरांनी येऊन सुई टोचली तेव्हा मी झोपले. झोप लागता लागता दादांचं बोलणं ऐकलं. ते आईला म्हणत होते, "अशी आणखी एक आली तर पोरगी हाताला लागायची नाही."

तीन आठवडे मी अंथरुणात होते, पेजेवर. काट्यावर जाणं नाही, कार्ड नाही. चौथ्या रविवारी दादा मला सावकाश चालवत पार्सल ऑफिसात घेऊन गेले. झगे ढगळ झाले होते, गालाची हाडं दिसू लागली होती. मला वाटलं, खूप उतरलं असणार. लोलक शहात्तरवर थांबला.

दादा त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग खिशातून कार्ड काढून, काट्याच्याच खांबाला टेकवून लिहू लागले. मी त्यांच्या मागेच होते. त्यांनी भिंतीवरच्या खडूकडे पाहिलं नाही. कार्डावर लिहिलं, एकशे बावन्न पौंड, म्हणजे डॉक्टरांच्या एकशे पंचावन्नच्या आत.

मला तोंडी हिशेब पटकन येतो. शहात्तर दुणे बावन्नाशे. बाजारात तेव्हा पुष्कळ लोक किलो म्हणजे दोन पौंड असंच धरत, कारण जुना शेर साधारण तेवढाच होता. ती चूक कोणाचीही झाली असती. दादांची झाली नसती. आठ रविवार त्यांनी दोन पूर्णांक दोननेच गुणलं होतं.

त्यांनी कार्ड माझ्यासमोरच पेटीत टाकलं. मी पाहिलं हे त्यांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी काही बोलले नाही. बादली धरलेले त्यांचे हात मी पाहिले होते. आणि खरं सांगायचं तर मलाही हे संपवायचं होतं. एखाद्या गोष्टीत दोघांनाही फायदा दिसत असला की गप्प राहणं फार सोपं असतं.

आठवड्याने डॉक्टरांचं उत्तर आलं. आजारपणात उतरलेलं दिसतं, तरी उत्तम. मंगळवारी दाखल व्हा, बुधवारी सकाळी ऑपरेशन.

*

मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही घोडनदीला पोचलो. बायकांच्या खोलीत सहा खाटा होत्या. मला खिडकीजवळची मिळाली. तिथला दिवस घंटेवर चालायचा. एका घंटेला चहा, एका घंटेला फडकी बदलणं, एका घंटेला नातेवाइकांनी बाहेर. परिचारिका ताईंनी माझ्या बांगड्या काढून पुरचुंडीत बांधल्या आणि आईच्या हातात दिल्या. आईने त्या इतक्या घट्ट धरल्या की पुरचुंडी तिच्या मुठीत दिसेना.

शेजारच्या खाटेवर भांडगावच्या कोंडाबाई होत्या. पाच दिवसांपूर्वी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यांना बोलायला माणूस हवं होतं. त्यांनी मला नाव विचारलं, जात विचारली, लग्न झालं का विचारलं, आणि मग म्हणाल्या, "उपाशी ऱ्हायला सांगतील तर उपाशीच ऱ्हा बाय. म्या न्हाई ऱ्हायले."

काय झालं होतं, ते त्यांनी पुष्कळ वळणं घेऊन सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी नवऱ्याने प्रेमाने चहा-बटर आणलं, त्यांनी खाल्लं. डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं का? नवरा म्हणाला न्हाई, त्याही म्हणाल्या न्हाई. भूल दिल्यावर सगळं वर आलं आणि श्वासनळीत गेलं. दोन दिवस शुद्ध नव्हती.

"डाक्टर लई वरडले माझ्या मालकावर," कोंडाबाई म्हणाल्या. "आन् त्यो बिचारा भाईर बसून रडतुया. म्हनतो, म्या मायेनं आणलं हुतं. आता मायेनं आणलं म्हनून का भूल मागं सरती?"

मी उशी पोटाशी धरली. दादा माझ्या पायांकडच्या स्टुलावर बसले होते. त्यांनीही ऐकलं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, ते माझ्याकडे पाहीनात. ते बोलतील असं मला वाटलं. दुपारची घंटा झाली, चहाची झाली. ते बोलले नाहीत. त्यांना बोलता येणार नाही हे मला तेव्हा समजलं. ज्या माणसाच्या आकड्यावर बाजार चालतो, त्याने स्वतःच्या तोंडाने आपला आकडा खोटा म्हणायचा, हे त्यांच्याकडून होण्यासारखं नव्हतं. आणि त्याच आकड्यावर उद्या त्यांची मुलगी निजणार होती, हेही त्यांना दिसत होतं.

चार वाजता डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर भूल देणारे दुसरे डॉक्टर होते, खास या ऑपरेशनसाठी पुण्याहून आलेले. त्यांनी माझी नाडी पाहिली, दात पाहिले, मान वर करायला लावली. मग आमच्या डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाले, दिसायला वजन जास्त वाटतं. आमच्या डॉक्टरांनी कागदातून दादांचं कार्ड काढलं आणि म्हणाले, रेल्वेचा काटा आहे, वडील स्वतः तोलतात. भूलवाल्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. औषध किती भरायचं ते वजनावरून ठरतं, असं मला म्हणाले. मग दादांकडे वळून त्यांनी मराठीत विचारलं, "एकशे बावन्नच ना?"

दादांनी टोपी काढून हातात घेतली. आई त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होती. कोंडाबाईही मान वळवून पाहत होत्या.

इंग्रजीत सांगितलं असतं तर आईला कळलं नसतं, खोलीतल्या कोणालाच कळलं नसतं. वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत तयारही होतं. ते मी सोडून दिलं. मी उठून बसले, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाले,

"नाही डॉक्टर, माझं वजन शहात्तर किलो आहे, म्हणजे एकशे सदुसष्ट पौंड. काट्यावर मी उभी होते, आकडा मी वाचला होता, आणि मीही गप्प बसले. दादांना रागावू नका, ते माझ्या दुखण्याला घाबरले. मला उद्या नको. मला घरी पाठवा, मी उतरवून येते."